क्लोनिंग अर्ध्यात थांबतंय? आधी डिस्कची तब्येत बघा

डिस्क क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवताना, काम मध्येच अडकलं की बहुतेक जण सॉफ्टवेअर बदलतात. दोष बऱ्याचदा जुन्या डिस्कमध्ये नाहीतर केबलमध्ये असतो. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत साधन उघडा आणि दोन ओळी शोधा. ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’च्या रॉ व्हॅल्यूत (म्हणजे मूळ आकड्याच्या रकान्यात) शून्याखेरीज काही दिसलं, तर डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे छोटे भाग, नीट वाचले जात नाहीयेत. ‘अल्ट्राडीएमए सीआरसी एरर काउंट’ (डिस्क आणि कॉम्प्युटरमध्ये डेटा जाता-येता झालेल्या चुका) प्रत्येक प्रयत्नागणिक वाढत असेल, तर आधी केबल किंवा पोर्ट बदलून बघा. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे तो थांबला का एवढंच पाहायचं.

सेक्टर खराब असतील तर कृपा करून लगेच चेकडिस्कची (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) पूर्ण तपासणी लावू नका. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तो ताण जीवघेणा ठरू शकतो. फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे कॉपी करा, मग खराब सेक्टर वगळून पुढे जाण्याचा पर्याय निवडून क्लोन करा.

क्लोन पूर्ण झाला, पण विंडोज सुरू होत नाही? फक्त सी ड्राइव्ह निवडला होता का, ते तपासा. यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरला ईएफआय सिस्टीम पार्टिशनही (विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा छोटा वेगळा भाग) लागतं, म्हणून अख्खी डिस्क निवडा. आणि पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची ओळख सारखीच असल्याने विंडोजचा गोंधळ उडतो. नवी डिस्क व्यवस्थित चालेपर्यंत जुनी फॉरमॅट करायची नाही.