अंगणवाडी सेविकांचे अभ्यासगट : या चुका टाळा

अंगणवाडी सेविकांनी एकमेकींकडून शिकावे म्हणून जवळच्या गावांचे छोटे अभ्यासगट करावेत, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. गट स्थापन करणे सोपे असते, तो बोलता ठेवणे मात्र अवघड असते. आधी पर्यवेक्षिका म्हणून आणि निवृत्तीनंतर इतरांचे गट पाहताना मला त्याच त्या चुका इतक्यांदा दिसल्या आहेत की त्या लिहून ठेवणे भाग पडले. त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक मी स्वतः केलेली आहे.

ती चूक म्हणजे अभ्यासगट बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या, मासिक बैठकीला जोडणे. सगळ्या एकत्र येतातच, मग त्याच दिवशी तासभर शिक्षणावर बोलू, असा हिशेब मीही केला होता. एका बैठकीत एक सेविका सांगू लागली की तिच्याकडची साडेतीन वर्षांची मुलगी दोन महिने झाले तरी अंगणवाडीत एक शब्दही बोलत नाही. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच मी विचारले, "तिचे वजन-उंची भरली आहे ना?" माझ्यासमोर अहवालाचा तक्ता उघडा होता आणि ती मुलगी मला त्यातली एक रिकामी चौकट असावी तशी दिसली. सेविका "हो मॅडम" म्हणून खाली बसली. त्यानंतर चार महिने कोणालाही विचारले तरी "सगळे व्यवस्थित आहे" एवढेच उत्तर येत असे, आणि मीही ते उत्तर समाधानाने लिहून घेत असे.

उलगडा झाला तो एका मदतनीस ताईंमुळे, एस.टी.ची वाट पाहत असताना. मुलीच्या घरी कातकरी बोली बोलतात आणि अंगणवाडीत चाललेले बोलणे तिला पुरते कळत नाही, हे त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होते. मात्र मदतनिसांना गटात बोलावण्याचे मला कधी सुचलेच नव्हते. पुढच्या महिन्यापासून मी गट वेगळ्या दिवशी, एका सेविकेच्या अंगणवाडीत, मुले घरी गेल्यावर ठेवला, मदतनिसांना बोलावले आणि मी स्वतः पहिला अर्धा तास बाहेर थांबू लागले. कातकरी वस्तीवर काम केलेल्या दुसऱ्या एका ताईंनी सुचवले की गोष्ट सांगण्याआधी रोज त्या मुलीच्या घरातल्या वस्तूंची नावे तिच्याकडूनच विचारून घ्यावीत. ती मुलगी बोलू लागायला सहा आठवडे लागले. वजन-उंचीच्या तक्त्यातून हे मला कधीच कळले नसते.

केंद्र सरकारच्या पोषण अभियानात बीट बैठकांसाठी २१ घटकांचे टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण आखले गेले आणि त्याचा मुख्य भर गर्भवती, स्तनदा माता व लहान बाळांच्या आहार-आरोग्यावर होता. तो योग्यच होता, परंतु ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या खेळ-शिक्षणाला त्याच बैठकीतून उरलेला वेळ देऊ पाहिल्यास काहीच उरत नाही.

वारंवार दिसणारी दुसरी चूक म्हणजे मुलांना न पाहता मुलांविषयी बोलणे. तयार सादरीकरण दाखवायचे, दोन चित्रफिती लावायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचे, हा आडमार्ग नवख्या संयोजकांना फार आवडतो, कारण त्यात कोणीही अडचणीत सापडत नाही. तीन बैठकांत बदल दिसला पाहिजे असे म्हणणाऱ्या संयोजकांना मी एवढेच सांगते की १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला सुरू झालेल्या बालवाडीपर्यंत वस्तीतली मुले येत नाहीत असे दिसल्यावर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली आणि "अंगणवाडी" हा शब्द त्यातून आला. तो सुचायला आधी वस्तीत जावे लागले होते. माझी सवय अशी की प्रत्येक सेविकेने एकाच मुलाचे पंधरा मिनिटे निरीक्षण करून अर्धे पान लिहून आणायचे आणि गटाची चर्चा त्या पानावरून सुरू करायची. "मूल हट्टी आहे" असे लिहिले तर पान परत द्यायचे. मणी ओवताना त्याने दोनदा दोरा टाकला आणि तिसऱ्यांदा शेजारणीकडे पाहिले, असे लिहिले तर त्यावर बोलता येते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. गट वीस-पंचवीस जणींचा ठेवू नये. सात-आठ जणी पुरेत. लसीकरणाच्या दिवशी किंवा महिनाअखेरीस बैठक ठेवू नये, कारण मन अहवालात अडकलेले असते. थर्माकोल आणि चमकीच्या कागदाचे साहित्य करून दाखवण्याची स्पर्धा होऊ देऊ नये; चिंचोके, झाकणे आणि काडेपेट्या यांनी काम होते. नेहमी एकाच हुशार सेविकेला नमुना पाठ द्यायला लावू नये, कारण इतर तिच्याकडून शिकण्याऐवजी तिला टाळू लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकण्यासाठी उपक्रम घेतला जातो असे दिसले की मी दोन महिने फोटोच बंद करते.

गट आधीच थंडावला असेल, तर नवा विषय शोधू नये. माझा उपाय थोडा आडमुठा आहे : पुढच्या बैठकीत संयोजिकेने स्वतःचा फसलेला उपक्रम आधी सांगावा, आणि मग इतर सगळ्या गप्प राहिल्या तरी चालेल, पण ती शांतता भरून काढण्यासाठी तिने भाषण सुरू करू नये. माझ्या अनुभवात पहिली सेविका बहुधा चहा आल्यावर बोलते.