इंजिन बांधताय? टॉर्कच्या या चुका टाळा (मग रडत फोन करू नका)

"हेड बोल्टचा टॉर्क किती?" एवढाच मेसेज येतो, म्हणजे इंजिनाचं हेड (वरचं झाकण) खालच्या ब्लॉकला आवळून धरणाऱ्या बोल्टबद्दल. इंजिन कुठलं, बोल्ट नवे का जुने, आटे कोरडे का तेल लावलेले, कशाचाच पत्ता नाही, नुसता आकडा पाहिजे. आणि कोणीतरी देतोही तो आकडा, मग भाऊ टॉर्क रेंचवर (ठरलेला जोर आला की कट्ट आवाज करणारा पाना) लावून कट्ट कट्ट करून मोकळे होतात आणि काही दिवसांनी विचारतात की इंजिनाचं पाणी का कमी होतंय.

टॉर्कचा आकडा म्हणजे बोल्ट किती जोरात फिरवायचा एवढंच नसतं. आपल्याला खरं तर बोल्ट ताणायचा असतो, ठरलेल्या प्रमाणात, म्हणजे तो स्प्रिंगसारखा हेड आणि ब्लॉक दाबून धरेल. तो ताण सहजासहजी थेट मोजता येत नाही म्हणून फिरवायचा जोर मोजतो, आणि गंमत अशी की त्या जोरातला जेमतेम दहा टक्के भाग ताणायला लागतो, बाकी निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. म्हणजे घर्षण थोडं जरी इकडेतिकडे झालं तरी रेंच तोच आकडा दाखवणार आणि बोल्टचा ताण मात्र भलताच असणार. खालच्या बऱ्याचशा चुका इथूनच येतात.

युनिट न बघता आकडा लावणे

माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा लांबण लावतो.

मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटर असतं, जुन्या जपानी पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर असतं, अमेरिकन पुस्तकांत फूट पाउंड, आणि छोट्या बोल्टना इंच पाउंड. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन मीटर, १ फूट पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर, आणि १ फूट पाउंडात १२ इंच पाउंड. हे पाठ नसेल तर कागदावर लिहून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा, मी तेच केलंय.

एका ओळखीच्या पोराने ट्विन कॅमचं ॲल्युमिनियम हेड बसवलं, काम तसं नीटनेटकं, व्हॉल्व्ह लॅप केलेले, सगळं स्वच्छ. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कॅपना, म्हणजे तो दांडा जागेवर धरणाऱ्या झाकणांना, मॅन्युअलमध्ये १२ न्यूटन मीटर. याच्याकडे एकच रेंच, मोठा, अर्धा इंच ड्राइव्हचा, त्याच्यावर दोन स्केल शेजारी शेजारी, आणि याने १२ लावले ते फूट पाउंडच्या स्केलवर. म्हणजे झाले १६ न्यूटन मीटरच्या वर, जवळपास छत्तीस टक्के जास्त, तेही ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या एम ६ (६ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला. शिवाय तो रेंचच्या स्केलचा अगदी तळ, तिथे मोठा रेंच इतका हलका कट्ट करतो की हाताला कळतही नाही. पहिल्या काही कॅप निभावल्या. मग एक बोल्ट घट्ट होता होता एकदम मऊ लागला, फिरतोय पण जोर वाढत नाहीये. इथे थांबायला पाहिजे होतं. हा म्हणतो अजून कट्ट आलं नाही, आणि फिरवतच राहिला. बोल्ट बाहेर काढला तर आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत स्प्रिंग गुंडाळून आलेली, म्हणजे हेडमधले आटे आख्खे उपटून आले. त्यात त्या कॅपची एकच बाजू आवळली गेली होती, त्यामुळे कॅप तिरकी बसून तिला मधोमध चीर.

आटे गेले ते ठीक, हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग) घालता येते. पण कॅमची कॅप सुटी घेऊन चालत नाही, कारण कॅप हेडवर बसवून दोन्ही एकत्र बोअर केलेल्या असतात, दुसऱ्या हेडची कॅप आणली तर बोअर जुळत नाही आणि कॅम जाम होतो. एका कॅपपायी त्याला आख्खं हेड बदलावं लागलं. आणि मला वर म्हणतो, "आकडा तर बाराच लावला होता."

माझी सवय सांगतो. प्रत्येक बोल्टचा आकडा काम सुरू करायच्या आधी एकाच युनिटमध्ये कागदावर उतरवून काढायचा, रेंचवरच्या दुसऱ्या स्केलवर सरळ चिकटपट्टी मारायची. छोट्या बोल्टना छोटा रेंच, पाव इंच ड्राइव्हचा, ५ ते २५ न्यूटन मीटरवाला. रेंच त्याच्या स्केलच्या तळाच्या पाचव्या हिश्श्यात वापरायचाच नाही, तिथे तो खोटं बोलतो. आणि बोल्ट मऊ लागला की हात काढायचा, कट्टची वाट बघत बसायचं नाही. साधारण अंदाज डोक्यात असू द्या: ८.८ ग्रेडचा (बोल्टच्या ताकदीचा दर्जा) एम ६ म्हणजे १० न्यूटन मीटरच्या आसपास, एम ८ म्हणजे २५, एम १० म्हणजे ५० च्या जवळ. मॅन्युअलच्या जागी हे वापरायचे नाहीत, पण आपण लावलेला आकडा यापासून फारच लांब दिसला तर थांबून पान परत वाचायला उपयोगी पडतात.

तेल, पाणी आणि आट्यांतली घाण

मॅन्युअलमध्ये "आटे कोरडे" का "आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल" हे लिहिलेलं असतं, आकड्याच्या शेजारीच, पण वाचतो कोण. कोरड्यासाठी दिलेला आकडा तेल लावून लावला तर घर्षण कमी होतं आणि बोल्ट सहज पाव ते तिसरा हिस्सा जास्त ताणला जातो. मॉलिब्डेनमवालं ग्रीस लावलं तर अजून जास्त. उलट केलं, म्हणजे तेलाचा आकडा कोरड्या गंजक्या आट्यांना, तर रेंच कट्ट करतो आणि दाब निम्माही नसतो, मग हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट फुटली की गॅस्केटच्या कंपनीला शिव्या. बाजारातले जास्त ताकदीचे स्टड बसवणार असाल तर त्यांच्यासोबत आलेलं वंगण आणि त्यांचाच आकडा, मूळ बोल्टचा नाही.

आता भोकं. ब्लॉक धुतला, वरून पुसला, छान दिसतोय, आणि हेड बोल्टच्या बंद भोकांत तळाला पाणी नाहीतर तेल साचलेलं तसंच. द्रव दाबला जात नाही. बोल्ट खाली उतरताना त्या थेंबांना जायला जागा नसते, मग दोनच गोष्टी होतात: एक तर रेंच वेळेआधी कट्ट करतो आणि हेड खरं दाबलेलंच नसतं, नाहीतर ब्लॉकला भोकाच्या बाजूने चीर जाते. मी एक ब्लॉक असा गेलेला बघितलाय, बोल्ट आवळताना बारीकसा "टिक" आवाज आला, ज्याने आवळला त्याला वाटलं रेंच बोलला. वरून केसाएवढी रेघ, भोकापासून पाण्याच्या वाटेपर्यंत. त्याला वेल्डिंगचे सल्ले भरपूर मिळाले, ब्लॉक शेवटी भंगारातच गेला.

उपाय अगदी अडाणी आहे. प्रत्येक भोकात क्लीनर मारा, हवेने उडवा, डोळ्यांना चष्मा लावून, कारण सगळं तोंडावर येतं. मग एक पातळ काडी कापड गुंडाळून तळापर्यंत घाला, कोरडी बाहेर आली पाहिजे. मग बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अडला तर आटे साफ करायचा चेझर फिरवा, साधा टॅप नको, टॅप धातू कापतो आणि आटे सैल करतो. आणि तेल लावायचं असेल तर बोल्टला लावा, थोडं, भोकात ओतू नका. काही इंजिनांत बोल्ट आरपार पाण्याच्या जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेत) जातात, तिथे आट्यांना सीलंट लागतो, नाहीतर पाणी आट्यांतून वर चढतं.

डिग्रीवाले बोल्ट परत वापरणे

मॅन्युअलमध्ये "२० न्यूटन मीटर, मग ९० डिग्री, मग परत ९० डिग्री" अशा टाइपचं काही, म्हणजे आधी टॉर्क आणि मग ठरलेल्या कोनाने फिरवायचं, लिहिलं असेल तर ते बोल्ट बहुतेक वेळा मुद्दाम कायमचे लांबतील इतके ताणले जातात. एकदा लांबला की लांबला. काही कंपन्या लांबीची मर्यादा देतात, त्याच्या आत असेल तर परत चालतो, मग व्हर्नियर घेऊन प्रत्येक बोल्ट मोजा, आट्यांच्या वर कुठे बारीक झालाय का तेही बघा. मर्यादा दिलेलीच नसेल तर नवे घ्या. हेडचं फेसिंग (खालची बाजू मशीनवर सपाट करणं), पिस्टन, रिंगा सगळ्याला पैसे असतात आणि बोल्टपाशी आले की काटकसर आठवते, हे मला कधी समजलं नाही. आणि डिग्रीऐवजी "कुणीतरी सांगितलेला" टॉर्कचा आकडा लावू नका. कोन मोजायचं यंत्र नसेल तर बोल्टच्या डोक्यावर पेंटचा ठिपका द्या आणि ९० डिग्री डोळ्याने बघा, अंदाजे "पाव चक्कर झाली असेल" नको.

बाकीच्या, पटापट

हेड नेहमी मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, खोलताना उलट, बाहेरून आत. एकदम पूर्ण टॉर्क देणारे लोक हेड वाकवतात आणि मग फेसिंगवाल्याला दोष देतात.

क्रँकची (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) प्रत्येक मेन कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघा. जड झाला तर आत्ताच कळेल कुठल्या कॅपने केला, शेवटी सगळ्या आवळून मग फिरवला तर शोधत बसा.

रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) कॅपांवर नंबर असतात, नसतील तर खोलायच्या आधी टाका. अदलाबदल चालत नाही, उलटी पण नाही.

कट्ट झालं की बास. दोनदा तीनदा "खात्रीसाठी" कट्टकट्ट करणाऱ्यांनी रेंच खाली ठेवावा. आणि आवळून बसलेल्या बोल्टवर रेंच लावून "हो, बरोबर आहे" म्हणणं पण काही खरं नाही, थांबलेला बोल्ट हलायला जास्त जोर मागतो, त्यामुळे कट्ट येणारच. शंका असेल तर साधा बोल्ट सैल करून परत एका सलग ओढीत आवळा.

इम्पॅक्ट गनने आवळून मग टॉर्क रेंचने फक्त कट्ट ऐकणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, तोंड खराब होतं.

रेंच आणि सॉकेटच्या मधल्या उभ्या एक्स्टेन्शनने टॉर्क बदलत नाही. रेंचच्या पुढे, त्याची लांबी वाढेल असा, सरळ रेषेत ॲडॅप्टर लावला तर बदलतो: रेंच ४०० मिलिमीटर, ॲडॅप्टर ५०, पाहिजे ९० न्यूटन मीटर, तर लावायचे ८०. ॲडॅप्टर काटकोनात लावला तर हिशोब करायची गरज नाही.

टॉर्क रेंचने बोल्ट खोलू नका. ठेवताना सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवा, त्याच्याही खाली नाही. आयएसओ ६७८९ (टॉर्क रेंचचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे १० न्यूटन मीटरच्या वर चांगल्या रेंचची चूक ४ टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि वर्षाने किंवा ५००० कट्टने तपासून घ्यायचा असतो. पडला तर लगेच.

हेड बोल्टच्या डोक्याखालचा वायसर गोल कडेच्या बाजूने वर. उलटा घातला तर बोल्टच्या डोक्याखालची गोलाई त्याच्या कडेवर बसते.

जुन्या कॉम्पोझिट गॅस्केटला इंजिन तापवून, गार करून परत टॉर्क द्यावा लागायचा. आताच्या अनेक थरांच्या स्टील गॅस्केटला सहसा तसं नसतं, तरी "आमच्याकडे सगळे करतात" म्हणून डिग्रीवाल्या बोल्टला परत ओढणारे आहेत.

प्रत्येक बोल्ट पूर्ण झाला की त्यावर पेंटची रेघ. चहाला उठलात आणि परत आलात की डोकं सांगेल "हा झाला होता", रेघ नसेल तर झाला नव्हता.

आणि सगळं झाल्यावर, रात्री उशिरा, इंजिन चालू करायच्या घाईत, ड्रेन प्लग हाताच्या अंदाजाने ओढू नका. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो. नवा वायसर, टॉर्क रेंच, मॅन्युअलचा आकडा. आख्खं इंजिन व्यवस्थित बांधून सम्पचे आटे घालवणारे मी एकाहून जास्त बघितलेत.