यार्नेलची वाट: १९ जणांच्या स्मारकापर्यंत कसं जावं

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स परिसरातली आपली मंडळी सुटी लागली की ग्रँड कॅनियन नाहीतर सेडोना गाठतात. यार्नेल या छोट्या गावाकडे क्वचितच कोणी जातं. डोंगर चढायची आवड असेल तर थंडीतला एक अख्खा दिवस या वाटेला द्या, असं मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगते.

निघण्याआधी घरच्यांना, विशेषतः मुलांना, तिथे काय घडलं ते सांगा. २८ जून २०१३ला वीज पडून यार्नेलजवळच्या डोंगरावर आग लागली. प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन दलाची ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स ही २० जणांची तुकडी ३० जूनला तिथे होती. हे बंब घेऊन जाणारे जवान नव्हेत. आपल्याकडे वनखात्याचे लोक उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात ना, तेच काम हे लोक समोर आग धडधडत असताना करतात: करवतीने झुडपं तोडायची, हत्यारांनी माती उघडी करायची आणि आगीला खायला काही ठेवायचं नाही. त्या दुपारी वादळी ढगांमधून सुटलेल्या वाऱ्याने आगीची दिशा फिरवली. जळून गेलेल्या सुरक्षित भागातून खालच्या रँचकडे (शेतघराकडे) निघालेले १९ जण तीन बाजूंनी बंद असलेल्या दरीत आगीत सापडले आणि गेले. टेहळणीसाठी वेगळ्या जागी असलेला एकच जण वाचला.

विकेनबर्ग, काँग्रेस ही गावं करत हायवे ८९चा घाट चढलात की यार्नेलच्या साधारण दोन मैल अलीकडे त्यांच्या स्मारकाचं स्टेट पार्क आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण पार्किंग अगदी लहान आहे. सकाळी लवकर पोहोचा आणि जागा नसेल तर घाटरस्त्याच्या कडेला गाडी मुळीच लावू नका. सूर्यास्ताच्या आत परत यायचं असतं. वाटेवर पाणी नाही, सावली जवळजवळ नाही. माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी, पूर्ण पायघोळ पँट आणि चांगले बूट घ्या. झुडपं काटेरी आहेत आणि ऊबदार दिवसांत रॅटलस्नेक हे विषारी साप निघतात, त्यामुळे दगडाच्या खाचेत हात घालू नका. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. उन्हाळ्यात लहान मुलांना नेऊ नका.

सुरुवातीलाच हॉटशॉटचा ब्राँझचा पुतळा आहे आणि लगेच दगडी पायऱ्यांची खडी चढण लागते. आई-बाबा भारतातून आले असतील आणि गुडघे दुखत असतील, तर त्यांनी पुतळ्यापाशी थांबून पहिल्या एक-दोन पाट्यांपर्यंत जावं, तेवढंही पुरे आहे. बाकीच्यांनी मात्र घाई करू नये. निरीक्षण-मंचापर्यंत पावणेतीन मैलांहून थोडी जास्त वाट आहे आणि चढाई सुमारे १,२०० फूट. या वाटेवर साधारण दर ६०० फुटांवर खडकात बसवलेली एक पाटी येते. एका पाटीवर एक माणूस: त्याचा फोटो, त्याचं नाव, तो कसा होता. प्रत्येक पाटीपाशी थांबा, नाव मोठ्याने वाचा, मुलांना वाचायला लावा. दम खायला थांबणं आणि वाचणं एकदमच होतं. बहुतेक जण विशीतले होते. माझा मुलगा आता त्याच वयाचा आहे, म्हणून या पाट्यांपाशी मला जास्त वेळ लागतो.

मंचापाशी अग्निशमन दलांचे लोक आपल्या तुकडीचे बिल्ले ठेवून जातात. ते पाहावेत, हात लावू नये. इथून दरी आणि पलीकडची रँच दिसते. अनेक जण इथूनच माघारी फिरतात. अंगात ताकद आणि बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी असेल तर तुम्ही फिरू नका. पुढची पाऊण मैलाची जर्नी ट्रेल साधारण त्या तुकडीच्याच मार्गाने खाली उतरते. उतरताना पायांना त्रास होत नाही, परतताना तोच उतार चढायचा असतो आणि ऊनही वाढलेलं असतं. सगळं मिळून सुमारे सात मैल. पाट्या वाचत गेलात तर पाच-सहा तास धरा.

खाली, ते जिथे गेले त्या जागी, दगडांनी भरलेल्या १९ जाळीच्या पेट्या साखळीने जोडून गोल रिंगण केलं आहे आणि आत १९ क्रूस आहेत. साखळी ओलांडू नका. शेवटच्या क्षणी त्या १९ जणांनी आग अडवणारे चंदेरी तंबू अंगावर ओढून घेतले होते, पण ते तंबू दुरून येणारी धग परतवतात, थेट ज्वाळांपुढे टिकत नाहीत. जळालेला भाग सोडून ते खाली का निघाले, हे चौकशीतही पक्कं कळलं नाही. त्यामुळे तिथे उभं राहून कोणाची चूक ठरवत बसू नये, असं मला ठामपणे वाटतं.

परतल्यावर भूक लागलेली असते. जेवण गाडीतल्या डब्यावर भागवू नका, दोन मैल पुढे यार्नेल गावात जाऊन खा. त्या आगीत या छोट्याशा गावातल्या शंभराहून अधिक इमारती जळाल्या होत्या. आपले चार पैसे तिथल्या दुकानात खर्च झालेले बरे.