छुनफनला अंडं उभं कसं करावं

छुनफन म्हणजे चिनी पंचांगातल्या चोवीस सौरसंधींपैकी, म्हणजे सूर्याच्या वर्षभराच्या प्रवासाच्या चोवीस टप्प्यांपैकी, चौथी. सूर्य वसंतसंपातावर येतो तो क्षण. तारीख २० किंवा २१ मार्च. त्या दिवशी चीनमध्ये शाळकरी पोरांपासून आज्या-आजोबांपर्यंत सगळे कच्चं अंडं टेबलावर उभं करायला बसतात. 'छुनफन ताओ, तान अर छ्याओ' अशी म्हणच आहे तिकडे: छुनफन आली की अंडी तोऱ्यात येतात. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं चीनमधल्या सुचौ शहरात होतो. पहिल्या वर्षी दोन तास घालवून तीन अंडी फोडली. आता दर वर्षी उभं करतो, आणि खरं सांगायचं तर अधूनमधून जूनमध्येही करतो.

जूनचं सांगितलं ते मुद्दाम. 'त्या दिवशी पृथ्वीचा अक्ष समतोल असतो, म्हणून अंडंही तोल धरतं' हे वाक्य दर मार्चला कुठून ना कुठून कानावर येतंच. साफ खोटं आहे. १९४५ साली चीनमधल्या छुंगछिंग शहरात लोक हाच खेळ लीछुनला, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या पहिल्या सौरसंधीला, करत होते आणि तेव्हाही अंडी उभी राहत होती. पुढे १९४७ मध्ये जपानी वर्तमानपत्रांतून असल्या बातम्यांची धूम उठली, तेव्हा उकिचिरो नाकाया या हिमकणांवर काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने अंडं कुठल्याही दिवशी उभं राहतं हे दाखवून दिलं. २०२६ चा क्षण बीजिंगच्या घड्याळात २० मार्चला रात्री १०.४६ चा, म्हणजे आपल्याकडे ८.१६ चा. वेळ माहीत असू द्या आणि विसरून जा. घड्याळाकडे बघत बसलेल्या माणसाचा हात हमखास थरथरतो.

अंडं कच्चं, ताजं आणि खोलीच्या तापमानाला आलेलं हवं. फ्रीजमधून काढलेल्याला घाम सुटतो आणि ते घसरतं. कवच जरा खरबरीत असलेलं गावरान मिळालं तर तेच घ्या. शिळ्या अंड्यात बुडाशी, म्हणजे रुंद टोकाला, हवेची पोकळी वाढलेली असते. वजन वर सरकतं आणि काम उगाच अवघड होतं. अंडं हलवून आतला बलक फोडायचा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि सोडून द्या. टेबल जड हवं, काच नको, पंखा बंद.

आता खरी मेख. कवच गुळगुळीत दिसतं, पण उजेडात तिरकं धरून बघा: बारीक पुटकुळ्या असतात, जाड्याभरड्या रव्याच्या लाडवासारख्या. रुंद टोकाकडच्या अशा तीन पुटकुळ्या टेबलावर एकदम टेकल्या की तिवई तयार होते. अंड्याचं वजन त्या तिघींच्या मधल्या इवल्याशा त्रिकोणावर आलं की ते उभं राहतं. त्यात जादू कसली नाही, फक्त त्रिकोण फार लहान आहे.

माझे पहिले दोन तास गेले ते एकाच चुकीपायी, आणि ती मी आजवर प्रत्येक नवख्याला करताना पाहिलंय. अंडं डावीकडे पडायला लागलं की आपण ते उजवीकडे कलवतो, मग ते उजवीकडे पडतं, मग पुन्हा डावीकडे. असं रात्रभर चालू शकतं. ज्या तीन पुटकुळ्यांवर ते टेकलंय त्या जर वाकड्या बसल्या असतील, तर कितीही कलवा, उपयोग नाही. शेजारच्या आजींनी माझा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "चुआन, चुआन." फिरव, फिरव. अंडं सरळ ठेवून स्वतःभोवती किंचित फिरवायचं, घड्याळाचा मिनिटकाटा एखादं मिनिट सरकावा तितकंच, आणि पुन्हा टेकवून बघायचं. नवी जागा, नवी तिवई. कलवू नका, फिरवा. या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा. दोन्ही हातांच्या तर्जनी आणि अंगठे अंड्याच्या वरच्या अर्ध्या भागाला नुसते लागलेले असू द्या, दाबू नका. प्रत्येक जागेवर बोटं जराशी सैल करून अंडं कुठल्या बोटावर रेलतंय ते बघा. बहुतेक वेळा ते कुठल्या तरी एका बोटावर रेलतंच. मग एखाद्या वळणावर तो भार नाहीसा होतो. अंडं कुणालाच टेकत नाही, जड पातेलं चुलीच्या दगडांवर नीट बसल्यावर हाताला जे कळतं तसंच काहीसं. तो क्षण आला की फिरवणं थांबवा आणि बोटं एकेक करून काढा. विजयाच्या भरात दोन्ही हात एकदम वर केलेत की गेलंच. श्वास रोखू नका, नंतरचा मोठा उसासाच अंडं पाडतो; तोंड बाजूला करून नाकाने श्वास घ्या. मला हल्ली पाच-दहा मिनिटं लागतात. पाऊण तासात जमलं नाही तर अंडं बदला. काही अंडी हट्टी असतात, त्यांच्याशी भांडू नका.

टेबलावर मीठ पसरून उभं करणं आणि मग फुंकर मारणं हा भामटेपणा आहे. पाहुण्यांसमोर चालेल, स्वतःशी नको.

उरलेला दिवस सोपा. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या खायफिंगकडे या दिवशी रानमाठ खुडून माशाच्या कापांबरोबर त्याचं सूप करतात. आपला साधा माठही चालतो, लसूण जास्त घाला. काही गावांत बिनसारणाचे चिकट तांदूळगोळे बांबूच्या काडीवर टोचून शेताच्या बांधावर खोचतात, चिमण्यांची चोच चिकटून बसावी आणि पीक वाचावं म्हणून. पतंग हवा तर उडवा.

उभं केलेलं अंडं हलवू नका, तसंच राहू द्या. माझं एकदा तीन दिवस उभं होतं. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं, आणि संध्याकाळी भुर्जी झाली.