कफ सिरपमधला ‘लेव्हो’ कसा सुटा केला

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन या खोकल्याच्या औषधाच्या सिरपमध्ये त्याच्याच आरशातल्या प्रतिबिंबासारखा रेणू, लेव्होमेथॉर्फन, आहे का, ते बघायचं होतं. क्रोमॅटोग्राफीच्या साध्या कॉलमवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) दोघं आलेखातल्या एकाच पीकमध्ये (शिखरात) येतात. लेव्हो मात्र ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारा. 2012 मध्ये पाकिस्तानात तो मिसळलेल्या सिरपने माणसं दगावली होती.

असे आरशातले जोडीदार वेगळे करणारा कायरल कॉलम होताच, पण सिरपमधली साखर आणि पॅराबेन (सिरप टिकवणारं रसायन) आड येत होती. मग सिरपमध्ये अमोनिया घालून औषध हेक्झेन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात काढलं. क्षारीय पाण्यात पॅराबेन, साखर खालीच राहतात, औषध वर येतं. थर वेगळे करायचं फनेल दणादणा हलवू नका, इमल्शन झालं (दोन्ही थर दुधासारखे मिसळले) की गेला दिवस! वरचा थर पाणी शोषून घेणाऱ्या निर्जल सोडियम सल्फेटवरून घेतला, मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) किंचित डायइथिलअमाइन हा अल्कधर्मी पदार्थ घातला. पीकची शेपटी गेली, दोघं सुटे झाले. दोघं खरंच सुटे होतात का, हे कळायला रेसिमिक स्टँडर्ड (दोघं समसमान असलेला नमुना) आधी चालवा; कुठला पीक कुणाचा, ते शुद्ध डेक्स्ट्रोमेथॉर्फन वेगळं चालवून ठरवा.