शाळेच्या अंगणातील खेळरेषा: कोठे, कशा आणि किती आखाव्यात

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये भिंतींवर आणि ओट्यांवर पाढे, घड्याळ किंवा भारताचा नकाशा रंगवण्याची पद्धत मराठवाड्यातही रुजली आहे. शिक्षकांना ‘बाला’ या नावाने परिचित असलेली ही कल्पना, म्हणजे इमारतीचाच अध्ययनसाहित्य म्हणून वापर, वाचन आणि ओळख यांसाठी उपयुक्तच आहे. मात्र जमिनीवरचा नकाशा पाहण्यासाठी मूल थांबते, आणि खेळरेषेचे काम त्याला पळवण्याचे असते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांच्या दमवणाऱ्या हालचालीची शिफारस करते आणि त्यातला बराचसा वाटा मधल्या सुट्टीत उरकता येतो. म्हणून अंगणात काहीही रंगवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या आकृतीवर एका वेळी किती मुले हलती राहतील?

या प्रश्नापुढे काही लोकप्रिय आकृत्या फिक्या पडतात. लंगडी घालत ठिकरी सरकवण्याचा चौकटींचा खेळ सर्वांच्या आवडीचा असला, तरी त्यात एक मूल उड्या मारते आणि बाकीची पाळीची वाट पाहत उभी राहतात. त्यामुळे एक मोठा, सुबक पट रंगवण्याऐवजी शेजारी शेजारी तीन-चार लहान पट आखावेत. पहिली-दुसरीसाठी चौकट ३० सेंटिमीटरची आणि तिसरी-चौथीसाठी ४० ते ४५ सेंटिमीटरची पुरते. ‘मामाचं पत्र हरवलं’ या खेळाच्या वर्तुळाचेही तसेच आहे. ३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १९ मीटर भरतो आणि त्यावर तीस मुले आरामात बसतात, पण पळतात दोघेच; २ मीटर त्रिज्येची दोन वर्तुळे आखली, तर पळणारे दुप्पट होतात. ‘डोंगर-पाणी’साठी अंगणभर विखुरलेले सात-आठ वेडेवाकडे ‘डोंगर’ रंगवले, तर अख्खा वर्ग एकाच वेळी धावतो आणि नियम समजावण्यात वेळ जात नाही. माझ्या मते सर्वांत कमी रंगात सर्वाधिक हालचाल याच आकृतीतून मिळते. आट्यापाट्यांच्या पूर्ण मैदानात नऊ पाट्या, म्हणजे आडवे पट्टे, आणि त्यांना मधोमध छेदणारा उभा पट्टा, म्हणजे सूर असतो. लहान मुलांसाठी साधारण ४ मीटर लांबीच्या चार पाट्या आणि सूर एवढे पुष्कळ झाले. अंगणाच्या कडेने जाणारी नागमोडी वाट, जिच्यावर कोठे दोन पायांनी उडी, कोठे लंगडी, कोठे उलटे चालणे अशा खुणा असतील, तीही चांगली; ती किमान सव्वा मीटर रुंद ठेवली, म्हणजे चाकांच्या खुर्चीवरील मुलालाही तिच्यावरून फिरता येते.

जागा ठरवताना दोन-चार दिवस मुलांकडे नुसते पाहावे. परिपाठाच्या रांगा, पोषण आहाराच्या पंगती, पाण्याच्या टाकीकडे जाणारी वाट आणि मोठ्या मुलांनी बळकावलेला भाग वगळून जे उरते, तेच खेळरेषांचे क्षेत्र होय. धाराशिव परिसरात खो-खोची परंपरा जोरकस आहे, अर्जुन पुरस्कारप्राप्त सारिका काळे तेथल्याच. अशा गावांत खो-खोचे मैदान मोकळे सोडून लहानांच्या आकृत्या त्याच्यापासून निश्चित अंतरावर घ्याव्यात, अन्यथा पाठलागाच्या ओघात धडक ठरलेली. सावलीचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते तेव्हा इमारतीची सावली पश्चिमेला पडते, हिवाळ्यातील दुपारच्या सुट्टीत ती उत्तरेकडे सरकते. या दोन बाजू आणि एखादा कडुनिंब यांच्या आश्रयाने आखलेल्या रेषा एप्रिलमध्येही वापरात राहतात.

रंगाचा डबा मात्र इतक्यात उघडू नये. प्रथम रांगोळीने किंवा खडूने आकृत्या काढाव्यात आणि त्या पंधरा दिवस चालू द्याव्यात. या काळात मधल्या सुट्टीत दर पाच मिनिटांनी अंगणावर एकदा नजर फिरवून बसलेली, उभी आणि पळणारी मुले वेगवेगळी मोजावीत, मुली आणि मुले यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. आखणीच्या आधी दोन दिवस अशीच मोजणी केलेली असेल, तर तुलना करता येते. ज्या आकृतीकडे आठवडाभरानंतर कोणी फिरकत नाही, ती शिक्षकांना कितीही आवडली असली तरी पक्क्या रंगात आणू नये.

पक्की आखणी सिमेंटच्या किंवा पेव्हर ब्लॉकच्या पृष्ठभागावरच टिकते. काळ्या मातीवर ती टिकत नाही, कारण ती माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेथे आधी मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्यावा लागतो आणि रेषा फक्कीने वेळोवेळी ओढाव्या लागतात. या कामी कळीचा चुना कदापि वापरू नये, तो डोळ्यांत गेल्यास इजा गंभीर होते. खडूची पूड किंवा रांगोळी बरी. गुळगुळीत शहाबादी फरशीवर रंग देणे टाळावे. सिमेंटवरचा नेहमीचा ऑइल पेंट पाण्याने भिजला की निसरडा होतो, म्हणून रस्त्यावरच्या पट्ट्यांसाठी मिळणारा रंग घ्यावा आणि तो ओला असतानाच त्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरावी. चौकटी पूर्ण भरू नयेत, ५ सेंटिमीटर रुंदीच्या कडाच रंगवाव्यात. रंग वाचतो, घसरण्याचा धोका कमी होतो आणि गडद रंगाचा तापलेला पृष्ठभाग अनवाणी पायांना भाजत नाही. पांढरा आणि पिवळा हे दोन रंग पुरेसे आहेत.

कामासाठी दिवाळीची सुट्टी सोयीची असते, कारण पाऊस सरलेला असतो, ऊन सौम्य असते आणि रंग वाळेपर्यंत अंगण रिकामे मिळते. नव्या काँक्रीटवर २८ दिवस उलटल्याशिवाय रंग देऊ नये. टंचाईच्या गावात अंगण धुण्याचा आग्रह नको. तारेचा ब्रश आणि खराटा यांनी धूळ निघते. सरळ रेषेसाठी गेरूत बुडवलेली सुतळी ताणून झटकावी, वर्तुळासाठी खिळा आणि दोरी घ्यावी, आणि काटकोन ३, ४ व ५ फुटांच्या मापाने जुळवावा. गावातला गवंडी हे काटकोन जुळवण्याचे, म्हणजे गुण्याचे काम पाहता पाहता करून देतो. खर्चाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडताना मोजणीचा कागद सोबत ठेवला, तर चर्चा लवकर संपते.

इंग्लंडमध्ये गॅरेथ स्ट्रॅटन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले होते आणि रेषा रंगवल्यानंतर सुट्टीतील हालचाल वाढल्याचे दिसले होते. मात्र ती नोंद रंगकामानंतरच्या थोड्याच काळातली होती. नव्याची नवलाई आपल्याकडेही ओसरतेच. त्यावर उपाय म्हणून आकृत्यांवर अंक किंवा चित्रे कमी ठेवावीत, म्हणजे एकाच चौकटींत मुले आज विषामृत आणि उद्या स्वतः रचलेला खेळ खेळू शकतील. सुरुवातीला चौथीतील दोन-तीन मुलांनी पहिलीच्या मुलांना खेळ शिकवावेत आणि वर्गवार जागा आठवड्याने बदलाव्यात. पावसाळ्यात शेवाळ धरलेला भाग घासून निघेपर्यंत बंद ठेवावा, आणि पुढच्या दिवाळीत ज्या रेषा पायांखाली सर्वाधिक झिजल्या असतील, त्यांनाच आधी पुन्हा रंग द्यावा.