ग्रंथालयासाठी बालसंगीत आणि मानवी हक्कांवरील माहितीपट निवडताना या चुका टाळा

वेष्टनावरचा मजकूर, पुरस्कारांची चिन्हे आणि वितरकाची यादी एवढ्यावरच विसंबून मागणी नोंदवणे ही दृक्‌श्राव्य विभागातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. निवड करणाऱ्याने साहित्य अथपासून इतिपर्यंत ऐकले किंवा पाहिले नसेल, तर पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

बालगीतांच्या एका संचातील पहिली तीन गाणी ऐकून मी तो घेतला होता. मुलांच्या तासाला चौथे गाणे लावले, तेव्हा मुलांनी पहिली ओळ उत्साहाने उचलली, पण ध्रुवपद खर्जात उतरताच ती एकेक करून गप्प झाली, कारण ती पट्टी प्रौढ पुरुषाच्या गळ्याची होती. तेव्हापासून खरेदीपूर्वी एखाद्या मुलाला सोबत गायला लावल्याशिवाय मी निर्णय घेत नाही. ‘सर्व वयोगटांसाठी’ या शब्दांवरही भिस्त ठेवू नये. दोन वर्षांच्या मुलाला पुनरुक्ती हवी असते, दहा वर्षांच्या मुलाला तीच कंटाळवाणी वाटते.

माहितीपटांच्या बाबतीत विषय वादग्रस्त आहे म्हणून तो टाळणे ही चूक सहज घडते, आणि मला ती सर्वाधिक खटकते. संग्रहावर वैचारिक, राजकीय किंवा धार्मिक स्वरूपाची कोणतीही सेन्सॉरशिप नसावी, असे इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांचा सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा जाहीरनामा स्पष्टपणे सांगतो. मात्र विषय महत्त्वाचा आहे म्हणून मांडणीतील दोषांकडे डोळेझाक करणेही योग्य नाही. बालकामगारांवरील माहितीपटात मुलाचा चेहरा, नाव आणि राहण्याचे ठिकाण एकाच दृश्यात उघड होत असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १६ ने मुलांना दिलेल्या खासगीपणाच्या हक्काचे काय झाले, हा प्रश्न निवड समितीने विचारलाच पाहिजे. प्रदर्शनाच्या वर्षाबरोबर चित्रीकरणाचे वर्षही पाहावे. मधल्या काळात कायदा बदललेला असू शकतो.

घरगुती वापरासाठी विकलेली डीव्हीडी सभागृहात दाखवणे ही चूक मात्र थेट कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते. प्रत विकत घेतली म्हणून सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क आपोआप मिळत नाही. अशी प्रत आधीच घेतली असेल, तर कार्यक्रमाची तारीख जाहीर करण्यापूर्वी वितरकाकडून लेखी परवानगी घ्यावी. स्ट्रीमिंगचा परवाना ठरावीक मुदतीचा असल्यास ती मुदत तालिकेतील नोंदीत लिहावी, अन्यथा नोंद राहते आणि माहितीपट मात्र उघडत नाही.

उपशीर्षके यंत्राने तयार केलेली आहेत की माणसाने तपासलेली, हे दहा मिनिटे आवाज बंद करून पाहिल्यास लक्षात येते. साक्षीदाराचे नाव प्रत्येक वेळी निराळे उमटत असेल, तर ती प्रत कर्णबधिर वाचकाच्या उपयोगाची नाही आणि ती वितरकाकडे परत पाठवावी.